घरात आसं आसतं व्हय?

आमच्या वृद्धाश्रमात सकाळी कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की कोंडिबा त्याला चहा देत नाही. 'शुभ प्रभात' म्हटलं तरी देत नाही. 'नमस्कार' म्हणणाऱ्याला देतो, पण मुद्दाम गार करून.

मला हे कुठं ठाऊक? इथे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली, तेव्हा आवाज गोड करायची सवय हाडात मुरलेली. त्याच आवाजात म्हणाले, "गुड मॉर्निंग. चहा मिळेल का?"

खांद्यावर पंचा, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी असा एक बुटका माणूस शेगडीपाशी उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

"हे हाटेल न्हाई," तो म्हणाला. "घर हाय. घरात आसं आसतं व्हय? घरात मानूस सकाळी उठलं की गुरगुरतंय. जावा, जरा गुरगुरा आन मंग या."

मी खोलीत परत गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तशीच उलट्या पावली आले आणि ओरडले, "अजून चहा नाही म्हणजे काय? माणसांनी किती वेळ ताटकळायचं?"

"आत्ता कसं!" म्हणत त्यानं कप पुढं केला. आलं घातलेला, वाफाळता चहा होता. इतका चांगला चहा मी गेल्या कित्येक वर्षांत प्यायले नव्हते, आणि तेही चिडलेली असताना.

हा आमचा कोंडिबा. हुद्द्यानं आचारी, पण तो स्वतःला या घराचा कर्ता समजतो. आमची संस्था नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, मार्गासनीच्या अलीकडे थोडी आत आहे. चारी बाजूंना भातखाचरं, खाली उताराला एक वाडी, आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी: 'आपलं घर, आपली माणसं'. कोंडिबा त्या पाटीकडे बघून रोज एकदा तरी नाक मुरडतो. "घरावर कुनी घर म्हनून लिवतंय व्हय?" असं त्याचं म्हणणं. मला भाच्यानं फार प्रेमानं इथे आणून सोडलं. "मावशी, थोडेच दिवस," असं म्हणाला. इथे सगळेच थोड्या दिवसांसाठी आलेले आहेत.

संस्थेच्या व्यवस्थापक रश्मी मॅडम मनानं फार चांगल्या. वृद्धांना घरच्यासारखं वाटावं म्हणून काय काय करायचं, याचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलंय. त्यांनी सगळ्या खोल्यांना एकसारखे फिकट निळे पडदे लावले. व्हरांड्यात स्पीकर बसवून सकाळी बासरी लावायला सुरुवात केली. भिंतींवर सूर्योदयाची चित्रं टांगली. आमच्या वयाच्या माणसांना रोज सूर्योदय दाखवणं म्हणजे थट्टाच की, पण त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

कोंडिबानं बासरी चार दिवस ऐकली. पाचव्या दिवशी स्पीकरची वायर उंदरानं कुरतडली. उंदीर कुणी पाहिला नाही. त्या जागी पहाटेपासून स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. पातेली, परात, झाकण्या, एकामागून एक. मॅडम विचारायला गेल्या तर म्हणाला, "घरात सकाळी बासऱ्या वाजत न्हाईत मॅडम. भांडी वाजत्यात. भांडी वाजली की आतरुनातल्या मानसाला कळतंय, कुनीतरी उठलंय. मंग त्यो पुन्ना निवांत निजतोय." खरं सांगते, मी पण निजते.

दुसरं त्याचं खूळ म्हणजे नाती लावण्याचं. नवं माणूस दाखल झालं की मॅडम त्याचं वजन आणि रक्तदाब बघतात, आणि कोंडिबा त्याला निरखून बघतो. मग जाहीर करतो. नसरापूरच्या बाजारात जन्मभर शिवणयंत्र चालवलेले बाळाबापू आले, त्यांना म्हणाला, "तुमी थोरलं भाऊ." भोरच्या सिंधूताईंना म्हणाला, "तुमी वैनी. पर बापूंच्या मंडळी न्हवं, मधल्या भावाच्या." मधला भाऊ कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. माझ्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. लग्न झालंय का, पोरंबाळं किती, असं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाला, "तुमी आत्या. आत्याला घरात काम नसतंय. निस्तं बोलायचा हक्क आसतोय."

मला अरे-तुरे करायलाही त्यानंच लावलं. भाच्याला कुणी अहो म्हणतं का, असा त्याचा सवाल होता. वयानं माझ्यापेक्षा जेमतेम थोडा लहान असेल. पण हक्क मिळालाय म्हटल्यावर मी बोलायला लागले, आणि ती सवय सुटली नाही.

घरातल्या माणसाला घरात कुणी गोड बोलत नाही, हा कोंडिबाचा पक्का सिद्धान्त. दुपारी कुणी दुसऱ्यांदा चहा मागायला गेलं की तो भिंतीला सांगतो, "आलं! परत आलं! ह्यांना च्या पाजून पाजून माजी हाडं झिजली." आणि चहा टाकतो. लसूण सोलायला, पावटे निवडायला, तांदळातले खडे काढायला सगळ्यांना बसवतो आणि कुणी हळू केलं तर खेकसतो. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मॅडमनी ते दाखवलं आणि 'अ‍ॅक्टिव्हिटी' असं नाव सांगितलं. पाहुण्यांनी फोटो काढले. सिंधूताई फोटोत हसल्या म्हणून कोंडिबा त्यांच्यावर ओरडला, "खडं बगा वैनी, क्यामेरा काय बगताय!"

नवीन माणसं सुरुवातीला त्याची तक्रार करतात. मीही केली होती. मग एकदा तो लेकीकडे म्हणून दोन दिवस गेला. बदली बाई आल्या, फार नम्र. थर्मासमधून चहा, वर "अजून हवाय का, काका?" सगळं वेळेवर आणि हसतमुख. पहिल्या दुपारीच आम्ही सगळे एकमेकांवर डाफरायला लागलो. बाळाबापू तर ताटावरून उठले. "मला कुणी काका म्हणू नका," असं त्या बिचारीला म्हणाले.

बापूंचं आणि कोंडिबाचं रोजचं भांडण ठरलेलं. बापू भाकरी हातात घेत, उजेडाकडे धरत, कडेवरून बोट फिरवत आणि म्हणत, "शिवण उसवलीय."

"तुमी शिवल्याल्या इजारी बाजारात उसवायच्या, ते इसरला व्हय?" कोंडिबा आतून ओरडे.

मग अबोला. अबोल्यात मी मध्ये. "आत्या, तुमच्या भाच्याला सांगा, आमटी पातळ झालीय." "आत्या, थोरल्यांना सांगा, पातळ हाय तर पेल्यानं प्या म्हनावं." जन्मभर मी लोकांचे फोन जोडून दिले. म्हातारपणी तेच काम पुन्हा गळ्यात पडलं, आणि तेही एका खोलीतल्या दोन माणसांसाठी.

पण फाटकाकडे जायला निघालेल्या माणसाला तो कधी तसं जाऊ देत नाही. कितीही काम असो, खिडकीतून डोकं काढून विचारतो, "कुठं निगाला?" बापू चिडून म्हणत, "मसणात." "जेवायला या मंग येळंवर," असं तो म्हणे. मी एकदा त्याला झापलं, की फाटकाला कुलूप आहे, पलीकडे कुणाला जाता येत नाही, मग विचारतोस कशाला? तो म्हणाला, "जानाऱ्या मानसाला कुनीतरी इचाराया पायजे, आत्या. न्हाई इचारलं तर ते घरातनं ग्येलंच न्हाई."

आता जे सांगायचं ते मला सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय कोंडिबा कळायचा नाही.

आमच्या इथे कुणी मरत नाही. माणसं मुलाकडे जातात. सकाळी जेवणघरात एक खुर्ची रिकामी दिसते, कुणीतरी विचारतं, आणि मॅडम शांतपणे सांगतात, "त्यांना मुलानं घरी नेलंय." बाकीच्यांच्या मनावर परिणाम होऊ नये, वातावरण प्रसन्न राहावं, म्हणून वरून तसा नियम आहे. शववाहिका मागच्या फाटकानं येते, मागच्या फाटकानं जाते. पलंगावर धुतलेली चादर पडते. त्या दिवशीही मुगाची खिचडी वेळेवर असते, आणि आम्ही ती खातो. सगळ्यांना सगळं माहीत असतं. प्रसन्न राहावं लागतं, कारण आपल्यासाठी एवढं खोटं बोलणाऱ्या माणसांचं मन मोडवत नाही.

गेल्या वर्षी सिंधूताईंचा मुलगा खरोखरच आला आणि त्यांना नातीच्या लग्नाला चार दिवस घेऊन गेला. मॅडमनी जेवताना सांगितलं, "सिंधूताईंना मुलानं घरी नेलंय." घासच थांबला सगळ्यांचा. बापूंनी चष्मा पुसला. मी रात्रभर रडले. त्यांची घोंगडी दुसऱ्या एका बाईंनी पांघरायला घेतली, तुळशीला पाणी घालायचं त्यांचं काम मी घेतलं. चौथ्या दिवशी सिंधूताई बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा दोघांचा रक्तदाब वाढून डॉक्टरांना बोलवावं लागलं. सिंधूताई घोंगडीसाठी पंधरा दिवस भांडत होत्या. त्यांना आम्ही कारण सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असणार. त्या दिवसापासून मुलाचा फोन आला तरी त्या 'नको रे, इथेच बरी आहे' म्हणतात.

या नियमाचा कोंडिबाला भयंकर राग होता. खिचडी ढवळताना तो कढईशी भांडायचा. "मानूस ग्येलं आन चूल पेटलीय. घरात आसं आसतं व्हय?" पण पगारी माणूस. तो दर वेळी खिचडी करायचा.

बाळाबापू गेले ते भाताच्या झोडणीच्या दिवसांत. सकाळी चहासाठी गुरगुरायला आले नाहीत म्हणून कोंडिबाच बघायला गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा मॅडमना म्हणाला, "थोरलं ग्येलं." मॅडमनी लगेच इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला हळू बोलायला सांगितलं.

तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, मागच्या फाटकाला कुलूप लागलं.

"चावी कुठंय कोंडिबा?"

"हिरीत पडली."

"कधी?"

"आत्ता."

बापूंचा मुलगा पुण्याहून आला. भला माणूस. डोळे लाल झालेले, कानाला फोन. बापूंना इथूनच पुण्याला न्यायचं त्यानं ठरवलं होतं, तिकडे सगळी सोय होती. त्याचंही काही चुकलं नाही. पण मागचं फाटक बंद, तेव्हा गाडी पुढच्या दाराशी आली आणि बापू आम्हा सगळ्यांच्या समोरून गेले. सिंधूताईंनी तुळशीचं पान आणून त्यांच्या ओठांवर ठेवलं. मी पायांना हात लावला. पाय गार होते, आणि मला फार बरं वाटलं, की निदान हात लावता आला. कोंडिबा फाटकाशी उभा होता. गाडी त्याच्या जवळून गेली. त्यानं काही विचारलं नाही.

मग तो आत गेला. मोठ्या शेगडीचा कॉक बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन, पंचा खांद्यावरून काढून हातात घेऊन, जेवणघराच्या मधोमध उभा राहून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाळाबापू ग्येलं. मुलाकडं न्हाई, ग्येलं. आज हितं चूल पेटायची न्हाई."

"कोंडिबा," मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या लोकांना शुगर आहे. इन्सुलिन घेतलेली माणसं उपाशी ठेवता येत नाहीत." हेही खरं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

"उपाशी कोन ठिवतंय? उन्हं डोक्यावर येस्तवर वाडीतनं भाकरी यील. मयताच्या घरी श्येजारी घास आनत्यात का न्हाई?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन येतात, जवळ बसतात आणि रडणाऱ्या माणसाला बळंबळं दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. ज्याच्या दाराला तो येतो, ते घर.

कोंडिबा उतारावरून वाडीकडे गेला. मॅडमनी शुगरवाल्यांना दूध-बिस्किटं दिली आणि वरिष्ठांना फोन लावला. लागला की नाही माहीत नाही. आम्ही व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसलो, जसं मयताच्या घरी बसतात तसं. मग सिंधूताई म्हणाल्या, "बापूंनी माझ्या पोलक्याची बाही किती छान बेतून दिली होती," आणि त्यांना रडू फुटलं. मग आम्ही सगळेच रडलो, मोठ्यानं, आवाज काढून. बापूंसाठी रडलो, आणि मुलाकडे गेलेल्या सगळ्यांसाठी रडलो. कुणाकुणाची नावं निघाली! इतकी वर्षं साचलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं. मॅडम खांबाला धरून उभ्या होत्या. नंतर त्याही खाली बसल्या.

उन्हं डोक्यावर आली. उतारावर कुणी दिसेना. वाडीतून झोडणीचे आवाज तेवढे येत होते. मला वाटलं, कुणी येणार नाही. खरं तर मला पहिल्यापासूनच तसं वाटत होतं. आमच्यासाठी कोण कशाला येईल?

आणि मग कोंडिबा दिसला. एकटा. डोक्यावर वेताची पाटी, वर धडपं झाकलेलं, हातात किटली. धापा टाकत आला आणि पाटी आमच्यासमोर ठेवली.

"वाडीनं धाडलंय," तो म्हणाला. "बाया सवता येत हुत्या, पर झोडणीची गडबड. म्या म्हनलं, ऱ्हावू द्या, म्याच नेतो."

त्यानं धडपं बाजूला केलं. ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत, पातेल्यात पिठलं. सगळ्यांच्या हातात त्यानं भाकरीवरच पिठलं वाढलं, मॅडमच्यासुद्धा. मी पहिला घास घेतला.

पिठल्यात मीठ नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी इथल्या स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंद केलंय. कोंडिबाच्या हाताला आता मिठाची चिमूट उचलायची आठवणच राहिलेली नाही. पण वाडीतल्या कुठल्या बाईच्या हातचं पिठलं अळणी होईल? मी मान वर केली. सिंधूताई माझ्याकडे बघत होत्या. पलीकडे घास तसाच तोंडात धरून मॅडम बघत होत्या. सगळ्यांना कळलं होतं.

"वाडीतल्या बायकांच्या हाताला चव आहे हो," सिंधूताई म्हणाल्या.

"आहेच," मी म्हणाले.

"पिठलं असं पाहिजे," आणखी कुणी तरी म्हणालं. मग सगळ्यांनीच वाडीचं कौतुक केलं. कोंडिबा ताठ उभा राहून ते ऐकत होता. "व्हय," म्हणत होता, "लई मायाळू मानसं."

जेवणं झाली. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. स्वयंपाकघरामागे एक कोठी आहे, धान्याच्या पोत्यांजवळ एक खाट टाकलेली. कोंडिबा तिथेच राहतो. लेकी आपापल्या घरी सुखी आहेत, त्यांच्या घरी तो दोन दिवसांच्या वर टिकत नाही. कोठीच्या पायरीवर बसून तो रिकामी पाटी पुसत होता. त्यानं काही खाल्लं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. एक भाकरी उरली होती, ती मी पिठल्यासकट घेऊन गेले.

"वाडीत मीठ मिळत नाही का रे?" मी विचारलं. चिडवायच्या सुरात विचारलं, कारण दुसऱ्या सुरात मला विचारता आलं नसतं.

तो पाटी पुसायचा थांबला.

"समद्या दारांवर ग्येलो, आत्या," तो म्हणाला. "कुनी वाईट बोललं न्हाई. झोडणी टाकून बाया उठल्या बी. मंग इचाराया लागल्या, सुतक कुनाला हाय? म्हनलं, आमाला. म्हनल्या, तू कोन त्यांचा? म्हनलं, धाकटा भाऊ. तवा एक हसली. म्हनली, आरं बाबा, मयत तर ल्येकानं पुन्याला न्येलं, मंग घास पुन्याला द्याचा. हितं कुनाच्या घरात द्याचा? तितं घर कुठं हाय?" तो पाटी पुन्हा पुसायला लागला. "मला काय सांगता यीना. एका म्हातारीनं चूल दिली, पीठ दिलं. म्हनली, तुज्या मनाचं समाधान करून घे."

मला त्या बायकांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं. त्याचाच जास्त राग आला.

"आमचं घर धरनात ग्येलं," तो एकदम म्हणाला. मी त्याला काही विचारलं नव्हतं. "नव्या गावठानात ग्येलो. तितं आमी उपरी, कुनी वळखत न्हवतं. कारभारीन तापानं ग्येली. तिला पोचवून घरी आलो. दोगी पोरी कोपऱ्यात बसल्याल्या. म्हनलं, आता यील कुनीतरी घास घिऊन. मंग यील. दिवं लागलं तरी कुनी आलं न्हाई. त्यांची तरी काय चूक? वळख न्हाई, पाळख न्हाई. पोरी भुकेनं रडाया लागल्या. मंग म्याच चूल पेटीवली. तवर हातानं कदी भाकरी थापली न्हवती, आत्या. पयली भाकरी म्या केली ती तिच्या मयताची."

"पोरी जेवल्या?"

"जेवल्या."

"आणि तू?"

"मला कुनी जेव म्हनलं न्हाई."

तो हे रडून सांगत नव्हता. आमटी पातळ झाली असं सांगावं, तसं सांगत होता. मलाच सहन होईना. मी जन्मात कुणाला जेवायचा आग्रह केलेला नाही. घरात कुणी नव्हतंच आग्रह करायला. हातातली भाकरी मी त्याच्यापुढं धरली आणि म्हणाले, "जेव, कोंडिबा."

त्यानं मान हलवली.

"जेव म्हणते ना! तुझा भाऊ गेलाय. दोन घास खा."

त्यानं भाकरी घेतली. तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तसाच हातात धरून बसला. तोंडाकडे काही जाईना.

"बसा की वाईच, आत्या," तो म्हणाला. "ह्यो घास एकट्यानं गिळत न्हाई."

माझे गुडघे आता जमिनीवर टेकू देत नाहीत. पण मी भिंतीला धरून, पायरीला धरून, शेवटी त्याच्या खांद्याला धरून कशीबशी खाली बसले. तो खात होता आणि रडत होता, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. भाकरी संपेपर्यंत मी तिथेच बसले. नंतर मला उठवायला सिंधूताई आणि मॅडम दोघींना यावं लागलं.